स्टायपेंड चार हजार, हातात किती?

अमेरिकेत एमडी किंवा डीओ करत असाल आणि वैद्यकीय शिक्षणातल्या वंशभेदावर काम करण्यासाठी विद्यार्थी फेलोशिप घ्यायची असेल, तर जाहिरातीतल्या आकड्यावर भुलू नका. कर, व्हिसा, भाडं आणि कर्जातली कपात यांचा हिशेब अर्जाआधीच करा.

कुठे मिळते? पहिली चौकशी तुमच्याच कॉलेजात: डीन ऑफिसचा उन्हाळी संशोधन निधी आणि वैद्यकीय शिक्षण विभागाची छोटी अनुदानं. दुसरी, अल्बर्ट श्वाइत्झर फेलोशिप. ती ठरावीक भागांतच चालते. शिक्षण सुरू ठेवून साधारण वर्षभर, स्थानिक संस्थेबरोबर किमान 200 तास काम करावं लागतं. भर समाजाच्या आरोग्यावर असतो. नुसता अभ्यासक्रम बदलायचा असेल तर ती तुमच्या कामाची नाही. तिसरी, एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या पैशावर चालणारी टी35 उन्हाळी प्रशिक्षणं. ती नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच मिळतात. एफ-1 व्हिसावर असाल तर तिथे वेळ घालवू नका.

नावावरून शोधाल तर फसाल. टेक्सासात सरकारी विद्यापीठांची विविधता कार्यालयं 2024 पासून कायद्याने बंद आहेत. एमडी कॉलेजांना मान्यता देणाऱ्या एलसीएमईने मे 2025 मध्ये विविधतेची अट काढून टाकली. काही योजना बंद पडल्या, काहींची पाटी बदलली. ‘हेल्थ इक्विटी’, ‘कम्युनिटी हेल्थ’, ‘मेडिकल एज्युकेशन रिसर्च’ या नावांखालीही पाहा. गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका. ‘यंदाचा निधी मंजूर झालाय का?’ एवढंच ईमेलने विचारा.

कधी? मोकळा उन्हाळा बहुतेकांना एकच मिळतो, पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधला. मुदती हिवाळ्यातच संपतात. ऑक्टोबरमध्ये मेंटर गाठा.

कागदपत्रं: सीव्ही, एक-दोन पानांचा प्रस्ताव, मेंटरचं पत्र, शैक्षणिक स्थिती समाधानकारक असल्याचं डीन ऑफिसचं पत्र, खर्चाचा तक्ता. बाहेरची संस्था सामील असेल तर तिचंही पत्र.

विषय छोटा ठेवा. पहिल्या वर्षाची त्वचारोगाची लेक्चर्स घ्या. किती फोटोंत त्वचा गोरी आहे आणि किती फोटोंत सावळी किंवा काळी, ते मोजा, तक्ता करा, आणि कमी पडणारे फोटो कुठून आणणार ते लिहा. किंवा हे घ्या: मूत्रपिंडाचं काम मोजणाऱ्या ईजीएफआरमधला वंशाचा गुणक काढून टाकण्याची शिफारस 2021 मध्येच झाली. तुमच्या कॉलेजच्या स्लाइडवर तो अजून आहे का, ते तपासा. असं काम दहा आठवड्यांत पुरं होतं. वर्गमित्रांना प्रश्नावली द्यायची म्हटली की आयआरबीकडे (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या मंडळाकडे) अर्ज करावा लागतो आणि त्यात आठवडे जातात. नुसत्या स्लाइड मोजायला परवानगी लागत नाही, असं मेंटर म्हणाले तरी आयआरबी ऑफिसकडून ते लेखी घ्या.

हातात किती? समजा, दहा आठवड्यांचे 4,000 डॉलर मिळणार आहेत. एफ-1 विद्यार्थ्याच्या अशा स्टायपेंडमधून साधारणपणे 14 टक्के, म्हणजे 560 डॉलर, आधीच कापले जातात. राहिले 3,440. आठवड्याला 40 तास धरले तर तासाला 8 डॉलर 60 सेंट पडले. केंद्राचं किमान वेतन तासाला 7.25 डॉलर आहे. यातून भाडं अजून गेलेलं नाही.

कापलेले पैसे बुडाले असं समजू नका. भारत-अमेरिका करारामुळे भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. वर्षाची करपात्र मिळकत त्याच्या आत असेल, तर कपात दाखवणारा 1042-एस फॉर्म जपून ठेवा, 1040-एनआर हे करविवरण भरा आणि परतावा मागा. 15 एप्रिलची तारीख धरून चाला. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटीआयएन हा करदाता क्रमांक काढावा लागेल. आयआरएस (कर खातं) त्यासाठी पैसे घेत नाही, एजंट घेतात. आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा.

तुम्ही नागरिक असाल तर बहुधा आधी काहीच कापलं जात नाही, पण राहण्या-खाण्यासाठी मिळालेला स्टायपेंड करपात्रच असतो. तो सगळा खर्च करून बसू नका.

लपलेले खर्च: फेलोशिप प्रत्यक्षात नोकरी ठरत असेल तर एफ-1वर कामाची परवानगी (सीपीटी किंवा ओपीटी) लागते. सीपीटीला सरकारी शुल्क नाही, पण कॉलेज उन्हाळी क्रेडिटची फी लावू शकतं. ओपीटीच्या ऑनलाइन अर्जाला 2024 च्या दरपत्रकाप्रमाणे 470 डॉलर लागतात, आणि वापरलेले महिने पुढच्या ओपीटीतून वजा होतात. परवानगीआधी एक दिवसही काम करू नका. बाहेरचा स्टायपेंड फायनान्शियल एड ऑफिसला कळवावा लागतो. त्यामुळे मदत किंवा कर्ज कमी होऊ शकतं. किती, ते आधीच विचारा. पोस्टरची छपाई, परिषदेची नोंदणी, विमान, प्रश्नावलीत भाग घेणाऱ्यांची गिफ्ट कार्डं: खर्चाच्या तक्त्यात यांना जागा नसेल तर ते तुमच्या खिशातून जाणार. स्टायपेंड शेवटी एकरकमी मिळणार असेल, तर दोन महिन्यांचं भाडं आधी गाठीशी हवं.

भारतात एमबीबीएस करणाऱ्यांसाठी: यातल्या बहुतेक योजना अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश असलेल्यांनाच मिळतात. ‘अमेरिकन फेलोशिप मिळवून देतो’ म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले, तर संस्थेचं नाव, पैसे देणाऱ्याचं नाव आणि व्हिसाचा प्रकार लेखी मागा. बहुधा पैसे भरून केलेली ऑब्झर्व्हरशिप पदरात पडते, स्टायपेंड नाही.

होकार कळवण्याआधी पाच उत्तरं ईमेलवर घ्या: पैसे कोणत्या तारखेला, किती हप्त्यांत; ते पगार म्हणून की अनुदान म्हणून; निधी मध्येच थांबला तर केलेल्या कामाचे पैसे कोण देणार; मेंटर कॉलेज सोडून गेले तर पर्यायी कोण; आणि अहवाल छापायला कुणाची परवानगी लागेल. उत्तरं येईपर्यंत उन्हाळ्याच्या खोलीचा करार करू नका.