विषाणूच्या थैलीतला नवा खलिता

दरवर्षी नीटचा निकाल लागल्यानंतरच्या पंधरवड्यात जे पालक माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, त्यांच्या हातात गुणपत्रिकेची नक्कल असते, शेजारी मान खाली घातलेला मुलगा किंवा मुलगी असते, आणि प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "वैद्यकीयचा प्रवेश हुकला, आता निदान बायोटेक्नॉलॉजी तरी घ्यावी का?" या वाक्यातील 'निदान' आणि 'तरी' हे दोन शब्द मला फार खटकतात; कारण ज्या विद्येला आपण दुसऱ्या पंगतीला बसवतो, तिच्याच एका शाखेत, म्हणजे विषाणूंकरवी पेशीत जनुके पोहोचवून ती चालू वा बंद करण्याच्या शास्त्रात, आज असे कार्य चालले आहे की उत्तमातल्या उत्तम विद्यार्थ्याने पहिल्या पसंतीने तिकडे वळावे.

विषाणू हा स्वभावतःच जासूद आहे. पेशीच्या वेशीवरील पहारा चुकवून आत शिरावे आणि जवळचा मजकूर तिच्या स्वाधीन करावा, एवढेच त्याचे जीवितकार्य. संशोधक त्याच्या थैलीतील स्वतःची प्रजा वाढवणारा मजकूर काढून टाकतात आणि तेथे रुग्णाच्या उपयोगाचा खलिता ठेवतात. असा जासूद, म्हणजे 'वाहक', कोणता निवडावा, हा मात्र मोठ्या विवेकाचा प्रश्न आहे. लेंटिव्हायरस आपला मजकूर थेट गुणसूत्राच्या दप्तरात कायमचा दाखल करतो. उलट १९६५ साली दुसऱ्याच एका विषाणूच्या नमुन्यात भेसळ म्हणून आढळलेला अ‍ॅडिनो-संलग्न विषाणू बहुतांशी दप्तराबाहेरच राहून काम करवून घेतो, पण त्याची थैली फार लहान, सुमारे ४,७०० अक्षरांचीच. ड्युशेन नावाच्या स्नायुविकारात जे जनुक बिघडलेले असते, त्याचा प्रथिनासाठी लागणारा मजकूरच ११,००० अक्षरांच्या घरात जातो. तेव्हा त्यातील काय ठेवावे आणि काय गाळावे, या एका विचारात संशोधकांची वर्षानुवर्षे गेली आहेत.

खलित्याच्या माथ्यावर 'प्रवर्तक' नावाचा एक मजकूर असतो. हा हुकूम यकृतात अमलात यावा की डोळ्याच्या पडद्यात, हे पुष्कळ अंशी तोच ठरवतो. हुकूम हवा तेव्हा जारी आणि नको तेव्हा तहकूब करण्याची तजवीज १९९२ साली गॉसेन आणि बुजार्ड या संशोधकांनी हायडेलबर्ग येथे केली. त्यांच्या मूळ रचनेत टेट्रासायक्लिन हे साधे प्रतिजैविक दिले की जनुक बंद पडे. पुढे १९९५ मध्ये त्यांनी उलट रचनाही सिद्ध केली, जीत औषध दिल्यावर जनुक जागे होते. जनुकाचा निरोप वाटेतच नष्ट करून त्याला मुके करण्याची युक्ती निसर्गातच आहे, हे फायर आणि मेलो यांनी १९९८ साली एका सूक्ष्म कृमीवरील प्रयोगांतून दाखवले आणि २००६ चे नोबेल पारितोषिक मिळवले.

हे केवळ प्रयोगशाळेतले कौतुक राहिलेले नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत आनुवंशिक अंधत्वाच्या एका प्रकारावर आणि मे २०१९ मध्ये मेरुदंडीय स्नायुक्षयावर अशा उपचारांना मंजुरी मिळाली. यांपैकी दुसऱ्या औषधाच्या एका मात्रेसाठी मुंबई-पुण्यातील आईबापांनी सोळा कोटींची लोकवर्गणी गोळा केल्याचे पुष्कळांना स्मरत असेल. ही किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणे, हेच माझ्या मते आपल्या तरुण पिढीपुढील खरे कार्य आहे, आणि त्याचा आरंभ येथेच झालेला आहे. पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशींत लेंटिव्हायरसमार्फत नवे जनुक घालण्याचा कर्करोगावरील उपचार सिद्ध केला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि परदेशात ज्याला कोट्यवधी रुपये पडतात, तो येथे त्याच्या लहानशा अंशात उपलब्ध झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हिमोफिलिया 'ए'च्या पाच रुग्णांवर याच जातीच्या वाहकाने उपचार झाले आणि त्यांचा रक्तस्राव थांबल्याचा वृत्तांत डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्र या विद्येने मोल देऊन शहाणपण मिळवले आहे, हे विद्यार्थ्यांपासून लपवू नये. सप्टेंबर १९९९ मध्ये जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्रयोगात विषाणुवाहक टोचल्यानंतर चौथ्या दिवशी मरण पावला. आहार आणि औषधे यांनी त्याचा आजार आटोक्यात होता, तरी पुढल्या बालकांच्या उपयोगी पडावे म्हणून तो स्वेच्छेने पुढे आला होता. पॅरिसमध्ये प्रतिकारशक्तीविना जन्मलेली बालके अशाच उपचाराने बरी झाली, पण वाहक गुणसूत्रात भलत्या ठिकाणी बसल्यामुळे त्यांतील काहींना रक्ताचा कर्करोग जडला. म्हणून ज्याला नोंदवहीतील एक आकडा चुकला तर रात्री झोप लागत नाही, असा मुलगा मला या क्षेत्रासाठी नुसत्या बुद्धिमान मुलापेक्षा अधिक लायक वाटतो.

आयांना संसर्गाची धास्ती वाटते, ती स्वाभाविक आहे. परंतु हे वाहक स्वतःची वाढ करू न शकतील असेच घडवलेले असतात, काम बंदिस्त कक्षात चालते, आणि प्रत्येक संस्थेत त्यावर देखरेख ठेवणारी जैवसुरक्षा समिती असावी, असा कायदाच आहे.

वडिलांची चिंता उत्पन्नाची असते, आणि तेथे मी गोड बोलणार नाही. बारावीनंतर पुण्याच्या आयसरसाठी आयसर संस्थांची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा आहे. पदवीनंतर जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.एस्सी. करता येते, आणि राष्ट्रीय विषाणू संस्थेत विषाणुशास्त्राचा अभ्यासक्रमही आहे. पुढे पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे धरली तर तिशी जवळ येते, आणि त्या काळात नेट परीक्षेद्वारे मिळणारी शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून आरंभी दरमहा ३७,००० रुपये आहे. इतका धीर ज्या घराला परवडत नाही, त्याने एम.एस्सी.नंतरच्या वाटाही तितक्याच आदराने पाहाव्यात: निर्जंतुक कक्षात वाहक तयार करणे, जनुक भरलेली विषाणूची कवचे रिकाम्या कवचांपासून वेगळी करणे, वाहक गुणसूत्रात कोठे बसला याचा संगणकावर छडा लावणे, औषधाचे दस्तऐवज नियामकांपुढे मांडणे. एखादे जनुक हाती असले तरी वाहक शुद्ध आणि पुरेसा निघाला नाही तर रुग्णापर्यंत काहीच पोहोचत नाही. म्हणून या कामांना मी दुय्यम मानत नाही.

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास पुण्यातील अनेक संशोधनसंस्था नागरिकांसाठी आपली दारे उघडतात. पालकहो, प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी आपल्या मुलाला वा मुलीला एकदा तेथे घेऊन जा, आणि तेथल्या संशोधकांना काय विचारायचे ते त्याला वा तिला स्वतःलाच विचारू द्या.