चाळीस किलोचा लेथ

सातपूर, नाशिक

चि. बापू,

ताईचा फोन आला होता. तळोद्याच्या दुकानात तू टेबलावरचा लेथ आणलास आणि 'सर्व प्रकारची लेथची कामे करून मिळतील' असा बोर्ड रंगवायला टाकलास, असं ती कौतुकाने सांगत होती. लेथ घेतलास ते उत्तम झालं. बोर्ड मात्र पेंटरकडेच राहू दे, निदान हे पत्र वाचून होईपर्यंत.

आयटीआयमध्ये दोन वर्षं ज्या लेथवर तुझा हात बसला, तो टनाच्या घरातला होता. आता समोर आहे तो चाळीस किलोच्या आसपासचा. बेडवरून 180 मिलिमीटरचा जॉब फिरतो असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण क्रॉस स्लाइडवरून जेमतेम 110 चा जातो. दोन सेंटरमधली लांबी 300 ते 350 आणि स्पिंडलचं भोक 20. या आकड्यांपेक्षा वजनाचा आकडा लक्षात ठेव. लेथचा खरा दम मोटरमध्ये नसतो, ओतकामात असतो. 1941 साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही लेथ बनवणारी कंपनी निघाली. तिथले जुने लेथ कुठे पाहायला मिळाले तर आधी त्यांचा बेड बघ. त्या बेडच्या जिवावर माइल्ड स्टीलवर दोन मिलिमीटरचा कट निमूट निघतो. तुझ्या यंत्रावर अर्धा घेतलास तरी टूल थरथरेल आणि जॉबवर लाटा उठतील. पाव मिलिमीटर घे, चार वेळा घे. वेळ जास्त लागेल, माप मात्र येईल.

हा लेथ नुसता टेबलावर ठेवून वापरू नकोस. जाड सागवानी फळी किंवा लोखंडी चौकट करून त्यावर बोल्टने आवळ. पण आवळतानाच बेडला पीळ बसतो, म्हणून लगेच तपासणी कर. 25 मिलिमीटरचा गज चकातून 100 मिलिमीटर बाहेर काढ, टेलस्टॉकचा आधार न देता अगदी हलका कट घे आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लाव. दोन मापांत फरक, म्हणजे टेपर, आला तर पायांखाली पातळ पत्र्याचे तुकडे सरकव आणि पुन्हा कट घे. यात अख्खा दिवस गेला तरी जाऊ दे.

कार्बाइडच्या टिपांचा मोह तूर्त सोड. त्यांना वेगही लागतो आणि रेटाही लागतो. तुझं यंत्र रेटा सोसणार नाही. एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) बिट ग्राइंडरवर स्वतः घास, वर तेलाच्या दगडावर धार लाव. टूलची उंची बरोबर आहे का, हे फेसिंग करताना जॉबच सांगतो: मधोमध बोंड राहिलं की टूल वर किंवा खाली आहे. वेगाचा हिशेब तुला पाठ असेलच, पण इथे तो पाळावा लागेल. एचएसएसने माइल्ड स्टील कापताना मिनिटाला 25 मीटर धरले तर 25 मिलिमीटरच्या गजाला साधारण 320 फेरे येतात आणि 10 मिलिमीटरच्याला 800. नॉब फिरवून वेग वाढवता येतो म्हणून वाढवत बसू नकोस. उलट कमी वेगावर मोठा कट रेटलास तर मोटरच्या कंट्रोलचं कार्ड तापून जळतं. या जातीच्या बऱ्याच लेथांत आतले एक-दोन गिअर प्लॅस्टिकचे असतात. टूल रुतलं की आधी ते मोडतात आणि बाकीचं यंत्र वाचतं. त्यांचा एक जादा संच मागवून ठेव. नंदुरबारच्या बाजारात तो मिळेल या भरवशावर राहू नकोस.

आता काम कुठलं घ्यायचं ते सांगतो. धडगावकडून चांदसैली घाट उतरून कोणी फवारणी पंपाचा झिजलेला बुश घेऊन येतो. तेवढ्यासाठी धुळ्याला किंवा सुरतेला जाणं त्याला परवडत नाही आणि मोठ्या वर्कशॉपवाल्याला ते काम हातात घेण्याइतकं मोठं वाटत नाही. तुझं गिऱ्हाईक तो. शिलाई मशीनच्या पिना, सायकलचे स्पेसर, मिरची कांडप यंत्राचे छोटे बुश, पितळी नॉब, ही तुझी कामं. सबमर्सिबल पंपाचा शाफ्ट, पिठाच्या गिरणीची पुली, ट्रॅक्टरचं काहीही, याला सरळ नाही म्हण आणि शहाद्याच्या मोठ्या लेथवाल्याचा पत्ता दे. तोही बारीक कामं तुझ्याकडे पाठवेल. धंद्यात नाही म्हणायला आपल्या माणसांना फार जड जातं, हे मला माहीत आहे. तरी म्हण.

बुश करताना एक गोष्ट पक्की धर. बाहेरचं माप घरात दाबून बसेल असं ठेवलंस, की दाबल्यावर आतलं भोक आवळतं. म्हणून भोक थोडं कमी ठेव, बुश जागेवर बसव आणि मग रीमर फिरव. 20 मिलिमीटरच्या शाफ्टला दोन-चार शतांश मिलिमीटरची मोकळीक पुरते. माप घेताना जॉब गार झालेला असू दे. लोखंड दर अंशाला दहा लाखांत अकरा-बारा भाग वाढतं. ऐकायला क्षुल्लक, पण हाताला चटका देणारा 25 चा जॉब शतांशाने मोठा दिसतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर पत्र्याच्या दुकानात सगळंच तापलेलं असतं.

जुन्या इंजिनांना आणि पंपांना इंची आटे असतात. लेथचा लीडस्क्रू मिलिमीटरचा असेल तर इंची आटा तंतोतंत काढायला 127 दातांचा गिअर लागतो, आणि तो एवढ्या लहान यंत्रात बसवायला सहसा जागाच नसते. तेव्हा इंची टॅप-डायचा संच घे आणि मोकळा हो.

पोरं लाटणी, भोवरे करून मागतील. लाकूड या लेथवर चढवू नकोस. भुसा तेलात मिसळून बेडवर चिकटतो आणि कॅरेज जड होते. लाकूड कातायचा लेथ वेगळा. सावंतवाडीच्या लाखकामाच्या खेळण्यांमागे तोच आहे. पुढे जमलं तर तसा एक स्वतंत्र घे.

यंत्र लहान म्हणून हलक्यात घेऊ नकोस. हातमोजे नाहीत, हातात कडं नाही, गळ्यात गमछा नाही. चक की हातातून सुटायची ती फक्त तिच्या जागेवर ठेवण्यासाठी. चकात क्षणभरही नाही. लांब, वळलेली चिप हाताने ओढायची नाही, आकडा ठेव.

बोर्डावर 'लहान बुश, पिना, स्पेसर' एवढंच लिहून घे. आणि टेपरच्या तपासणीची दोन्ही टोकांची मापं मला फोनवर कळव. मायक्रोमीटरने घेतलेली, व्हर्निअरची नकोत.

तुझा मामा