हमिंगबर्डचा फोटो : निवृत्तीनंतरच्या अंगणातला एक पाठ



"मॅडम, आमच्या जास्वंदीवर हमिंगबर्ड येतो!" पक्ष्यांचा पाठ घेताना हे वाक्य वर्गात हमखास ऐकू येतं. मुलांनी मोबाईलवर हमिंगबर्डचे व्हिडिओ पाहिलेले असतात. त्यामुळे फुलातला रस पिणारा कुठलाही चिमुकला पक्षी त्यांना हमिंगबर्डच वाटतो. प्रत्यक्षात त्यांनी पाहिलेला असतो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत, पण त्या सगळ्या अमेरिका खंडांत आणि तिथल्या बेटांवरच आढळतात. भारतात एकही नाही.

मग मुलांना नुसतं "नाही" सांगून थांबायचं का? मला वाटतं, नको. हमिंगबर्ड जिथे खरोखर राहतो तिथे मुलांना मनाने नेऊया, आणि परत येऊन आपल्या जास्वंदीकडे बघूया.

निवृत्तांचं गाव

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टूसॉन शहराच्या दक्षिणेला ग्रीन व्हॅली नावाचं गाव आहे. इथे मोठ्या प्रमाणावर निवृत्त लोक राहतात. बर्फाच्या, थंडीच्या राज्यांतून अनेकजण उबदार हवेसाठी इथे घर घेतात. शेजारीच सांता रीटा डोंगर आणि मदेरा कॅन्यन ही दरी आहे. ॲरिझोनाचा हा भाग हमिंगबर्डच्या अनेक जातींसाठी प्रसिद्ध आहे. ॲनाज हमिंगबर्डच्या नराचं डोकं गुलाबी चमकतं, कोस्टाजच्या गळ्यावर जांभळ्या मिशा दिसतात, तर ब्रॉड-बिल्डची चोच लाल आणि गळा निळा असतो. दूर अलास्कापर्यंत जाऊन घरटी करणारा नारिंगी रुफस हमिंगबर्डही उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दक्षिणेकडे परतताना या भागातून जातो.

विचार करा, नोकरी संपलेली, घर नवीन, शेजार अनोळखी. सकाळी उठून कुठे जायचं नाही. अशा वेळी अंगणात टांगलेली साखरपाण्याची बाटली माणसाला रोजचं काम देते. ती धुवायची, भरायची, कोण किती वाजता येतं ते बघायचं. कॅमेरा त्यानंतर हातात येतो.

आधी पक्ष्याची सोय

छोटा हमिंगबर्ड जेमतेम ३ ग्रॅम वजनाचा असतो. एवढ्याशा देहाला सतत खाणं लागतं. रात्री खायला मिळत नाही, म्हणून थंडीत तो शरीराचं तापमान खूप खाली आणून गुंगीत जातो आणि ताकद वाचवतो. म्हणजे आपण त्याला विनाकारण उडवून लावलं, तर त्याची मोजकी शिल्लक खर्च होते. घरट्याजवळ जाऊन फोटो काढायचा नाही, हा नियम त्यासाठीच आहे.

साखरपाण्याचं प्रमाण सोपं आहे : १ वाटी साधी पांढरी साखर, ४ वाट्या पाणी. मध नको, तपकिरी साखर नको आणि लाल रंग तर नकोच. बाटलीचा भाग लाल असला की पुरतं. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. तिथे हे पाणी लवकर आंबतं, बुरशी धरते, म्हणून कडक उन्हात ते रोज बदलावं लागतं. ज्याला हे रोज जमणार नाही त्याने बाटली टांगू नये, फुलझाडं लावावीत.

एक गंमत सांगते. या भागात उन्हाळ्याच्या शेवटी संध्याकाळी भरलेली बाटली सकाळी रिकामी सापडू शकते. चोर कोण? फुलांतला रस पिणारी वटवाघळं! नवीन घरात राहायला आलेल्या माणसाला परिसराची खरी ओळख अशीच होत जाते.

फोटोतलं गणित

छोटा हमिंगबर्ड सेकंदाला साधारण ५० वेळा पंख हलवतो. म्हणजे एका फडफडीला १/५० सेकंद लागतो. कॅमेऱ्याची झडप १/१०० सेकंद उघडी राहिली, तर तेवढ्यात अर्धी फडफड उरकते आणि पंखाच्या जागी नुसता धूसर पट्टा येतो. झडप १/२००० सेकंदच उघडली, तर फडफडीचा फक्त ४० वा भाग टिपला जातो. तरीही पंखांची टोकं थोडी पुसट येऊ शकतात. अपूर्णांक शिकवताना याहून छान उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

पंख पूर्ण थांबलेले दिसण्यासाठी अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेचे प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी अत्यंत क्षणिक प्रकाशझोत वापरून हमिंगबर्डचे फोटो काढले. १९४७ मध्ये ते नॅशनल जिओग्राफिक मासिकात प्रसिद्ध झाले.

अंगणात मात्र सकाळचं कोवळं ऊन पुरतं. ऊन आपल्या पाठीशी ठेवावं. हमिंगबर्डच्या गळ्याची चमक ही पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतल्यामुळे दिसते. कोन बदलला की तोच झळाळता गळा काळपट दिसतो. म्हणूनच कधीकधी एकाच पक्ष्याचे दोन फोटो दोन वेगळ्या पक्ष्यांचे वाटतात.

दुसरी युक्ती म्हणजे त्याच्या मागे कॅमेरा फिरवायचा नाही. तो बऱ्याचदा ठरावीक काडीवर येऊन बसतो. दोन-चार दिवस नुसतं बघून ती काडी ओळखायची, कॅमेरा तिथे रोखायचा आणि वाट बघायची. ज्याने नीट पाहिलं त्यालाच फोटो मिळतो. आणि पाहायला वेळ लागतो, जो निवृत्त माणसाकडे असतो.

आपल्या घरी, आपल्या वर्गात

हे सगळं आपल्या कामाचं कसं? आपल्याकडेही निवृत्तीनंतर कितीतरी आजी-आजोबा गावचं घर सोडून मुलाकडे शहरात येतात. फ्लॅट नवा, ओळखी नव्या, दिवस मोठा. नातवंडाचा अभ्यास त्यांनी घ्यावा असं आपण म्हणतो, पण त्यांना जोडीने करता येईल असा अभ्यास आपण क्वचितच देतो. म्हणून हा उपक्रम सुचवते.

१. बाल्कनीत किंवा दाराशी जास्वंदीची कुंडी ठेवा. शाळेच्या आसपास पांगारा, काटेसावर असेल तर फारच छान.

२. आठ दिवस फोटो काढायचा नाही. आजी-आजोबांनी आणि मुलाने मिळून वहीत लिहायचं : वेळ, कोणतं फूल, पक्षी बसून रस पितो की तरंगत?

३. हमिंगबर्ड आणि शिंजीर यांचा तक्ता करा. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत रस पितो, मागेही उडतो. शिंजीर थोडा वेळ तरंगू शकतो, पण बहुतेक वेळा फांदीवर बसून पितो. दोघांची कुळं वेगळी, तरी रस पिण्यासाठी दोघांनाही लांब, बारीक चोच लाभली. दोघेही घरट्यात कोळ्याचं जाळं वापरतात.

४. नवव्या दिवशी मोबाईलने एकच फोटो. घरट्याचा नको. फोटोखाली तीन ओळी मुलाने स्वतः लिहायच्या.

फोटो धूसर आला तरी चालेल. गुण द्यायचेच असतील तर वहीला द्या. "तो सात वाजून दहा मिनिटांनी येतो, आजोबांनी आधी पाहिला" असं एखाद्या मुलाने लिहिलं, तर परिसर अभ्यास त्या घरापर्यंत पोचला असं समजा.