ध्वनीच्या पायऱ्या

मुलांनो, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे १५० मीटर खोल आहे. त्याच्या उतारावर वीतवीत उंचीच्या पायऱ्या खोदल्या, तर उतार फारसा बदलणार नाही. परंतु चारच पायऱ्या केल्या, तर एकेक पायरी ३७ मीटरांहून उंच होईल व उताराचे रूपच नाहीसे होईल.

संगणकात ध्वनी साठविताना असेच घडते. ध्वनीची लहर उताराप्रमाणे अखंड असते. यंत्र तिची उंची क्षणोक्षणी मोजते आणि जवळच्या पायरीचा आकडा नोंदविते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. तिच्या १६ बिटांमुळे ६५,५३६ पायऱ्या मिळतात. एक बिट कमी केला, की पायऱ्या निम्म्या होतात. ८ बिटांत त्या २५६ च उरतात.

मोठ्या आवाजाची लहर पुष्कळ पायऱ्या व्यापते. तीत ही चूक सहसा लपून जाते. परंतु आजीने जात्यावर हलक्या आवाजात गायिलेली ओवी दोनतीन पायऱ्यांतच घुटमळते. लहरीची गोलाई जाऊन तिला कोपरे येतात, मुळात नसलेले स्वर तीत शिरतात आणि आवाज खरखरीत होतो. हीच विकृती होय.

म्हणून तंत्रज्ञ बिट कमी करण्यापूर्वी मंद, अनियमित खरखर मुद्दाम मिसळतात. मग विकृतीऐवजी पावसाच्या सरीसारखी एकसारखी सळसळ उरते व तीतून ओवी ओळखू येते. तथापि, मागाहून पायऱ्या वाढविल्या, तरी हरवलेले बारकावे परत येत नाहीत. यासाठी मूळ ध्वनिमुद्रण नेहमी जपून ठेवावे.

स्वाध्याय : हलक्या आवाजाचीच हानी अधिक का होते?