फाइल कशात उघडायची? सेवा केंद्र टाकण्याआधी ठरवून ठेवा

व्हिडिओ पाहून झाल्यावर बऱ्याच जणांना पायऱ्या लिहून हव्या असतात, म्हणून हा लेख. व्हिडिओ थांबवत थांबवत बघण्यापेक्षा हे कॉम्प्युटरशेजारी उघडून ठेवा आणि एकेक करत चला.

विषय वरवर किरकोळ वाटतो. फाइलवर डबल क्लिक केलं, ती कशात तरी उघडली, झालं काम. घरच्या कॉम्प्युटरवर तसं चालतंही. पण तुम्ही आमगाव, देवरी, सालेकसा, तिरोडा अशा गावात ऑनलाइन सेवा केंद्र, टायपिंग-झेरॉक्स किंवा डीटीपीचं दुकान टाकायच्या विचारात असाल, तर तुमच्या हातातून दुसऱ्यांची कागदपत्रं आणि दुसऱ्यांचे बँक खाते क्रमांक जाणार आहेत. आपल्या जिल्ह्यात तर गिऱ्हाईक बालाघाटकडूनही येतं आणि छत्तीसगडकडूनही. एकाकडे सातबारा, दुसऱ्याकडे खसरा, तिसऱ्याकडे बी-१. सगळे मोबाइल पुढे करून म्हणतात, ‘भाऊ, हे उघडत नाही.’

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जी अक्षरं असतात, डॉट पीडीएफ, डॉट सीएसव्ही, डॉट सीडीआर, त्याला एक्स्टेंशन म्हणतात. विंडोज फाइलच्या आत बघत नाही. ती फक्त हे शेपूट बघते आणि ‘या शेपटाच्या फाइली अमुक प्रोग्रामकडे द्यायच्या’ असं ठरलेलं असतं, तिकडे देते. या ठरलेल्या प्रोग्रामला डिफॉल्ट ॲप म्हणतात. डिफॉल्ट बदलल्याने फाइल बदलत नाही. आणि शेपूट बदलल्यानेही फाइल बदलत नाही: वर्डच्या फाइलचं नाव बदलून शेवटी पीडीएफ लिहिलं तर ती पीडीएफ होत नाही, फक्त उघडायची बंद होते.

ही शेपटं विंडोज लपवून ठेवते. दुकानाच्या कॉम्प्युटरवर ती दिसलीच पाहिजेत. विंडोज ११ मध्ये कुठलंही फोल्डर उघडा, वर ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’वर टिक. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ टॅबमध्येच ती चौकट आहे. यामागे सुरक्षेचं कारण आहे. ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ नावाची फाइल शेपूट लपलेलं असताना ‘बिल.पीडीएफ’ दिसते. तुम्ही बिल समजून क्लिक करता आणि प्रोग्राम सुरू होतो.

आता डिफॉल्ट बदलायची पद्धत. फाइलवर राइट क्लिक, ‘ओपन विथ’, ‘चूझ अनदर ॲप’. यादीतून प्रोग्राम निवडा. विंडोज ११ मध्ये खाली दोन बटणं येतात, ‘ऑलवेज’ आणि ‘जस्ट वन्स’. विंडोज १० मध्ये ‘ऑलवेज यूज धिस ॲप’ची चौकट असते. पक्कं माहीत नसेल तेव्हा ‘जस्ट वन्स’ दाबा. एकदा उघडून बघा, जमलं तरच कायमचं करा. चुकीचं ‘ऑलवेज’ झालंच तर ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘डिफॉल्ट ॲप्स’मध्ये जाऊन वरच्या चौकटीत एक्स्टेंशन टाइप करायचं आणि तिथून बदलायचं. बिघडत काही नाही.

पीडीएफपासून सुरू करू, कारण सेवा केंद्रात निम्मं काम तेच असतं. नव्या विंडोजमध्ये पीडीएफ एज ब्राउझरमध्ये उघडते. वाचायला आणि प्रिंट काढायला ते पुरेसं आहे. अडचण येते डिजिटल सहीच्या कागदाला. ई-आधार घ्या, किंवा महाभूमीवरून १५ रुपये भरून काढलेला डिजिटल सहीचा सातबारा घ्या. त्यातली सही खरी आहे का, फाइलमध्ये नंतर कुणी हात घातला का, हे तपासायला ॲडोब ॲक्रोबॅट रीडर लागतो. तो फुकट आहे, ॲडोबच्याच साइटवरून घ्या, आणि डाउनलोड करताना सोबत दुसरं काही घ्या म्हणून विचारलं तर टिक काढून टाका.

रीडरमध्ये पहिल्यांदा उघडल्यावर सहीवर प्रश्नचिन्ह दिसतं. याचा अर्थ कागद खोटा आहे असा नाही. सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट तुमच्या कॉम्प्युटरला अजून ओळखीचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. सहीवर राइट क्लिक करून ‘शो सिग्नेचर प्रॉपर्टीज’, मग ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’. डावीकडे सर्टिफिकेटांची उतरंड दिसेल. सगळ्यात वर ‘सीसीए इंडिया’ आहे का बघा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे देशातल्या डिजिटल सह्यांवर नियंत्रण ठेवणारं हे कार्यालय आहे. ते दिसलं तरच ‘ट्रस्ट’ टॅबमधून ‘ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’ करा आणि ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’ दाबा. प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण आली की झालं. उतरंड न बघता नुसतं ट्रस्ट, ट्रस्ट करत सुटलात तर तपासणीला काही अर्थच राहत नाही.

इथे एक सवय मोडायला सांगतो. ई-आधारला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्माचं साल. ग्राहक म्हणतो, पासवर्ड काढून द्या. मग बरेच दुकानदार ब्राउझरमध्ये उघडून ‘सेव्ह ॲज पीडीएफ’वर प्रिंट मारतात. पासवर्ड जातो, पण डिजिटल सहीही जाते. उरतं नुसतं चित्र. ग्राहकाला मूळ फाइलच द्या, पासवर्ड कागदावर लिहून द्या, आणि काम झालं की डाउनलोड फोल्डरमधून त्याचं आधार डिलीट करा.

आता सीएसव्ही. माझ्या मते आजच्या धड्यात सगळ्यात जपून राहायची जागा हीच. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने वेगळी केलेली साधी मजकुराची यादी. पोर्टलवरून, बँकेतून, बचत गटाच्या किंवा धान विकणाऱ्या शेतकऱ्यांच्या नोंदीतून अशा याद्या येतात: नाव, आधार, खाते क्रमांक, रक्कम. एक्सेल टाकलेलं असेल तर डबल क्लिक केल्यावर ती एक्सेलमध्ये उघडते, आणि एक्सेल न विचारता आपली अक्कल चालवतं.

काय होतं बघा. शून्याने सुरू होणाऱ्या खाते क्रमांकाचं शून्य उडतं. १२ आकडी आधार क्रमांक १.२३४५७ई+११ असा काहीतरी दिसायला लागतो. आणि एक्सेल संख्येचे १५ च आकडे धरून ठेवतं, त्यामुळे पंजाब नॅशनल बँकेसारखा १६ आकडी खाते क्रमांक असेल तर शेवटचा आकडा शून्य होतो. मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं येतात ती वेगळीच. नुसतं बघून बंद केलंत तर फाइल शाबूत आहे. पण ‘सेव्ह’ दाबलंत, की बिघडलेलं तसंच लिहिलं जातं. आधारच्या जागी ते ई+११ च जाऊन बसतं. ती यादी पुढे पोर्टलवर चढवली तर कुणाचे तरी धानाचे पैसे अडकतात, आणि तो माणूस बँकेत नाही, आधी तुमच्या दुकानात येतो.

उपाय दोन आहेत. एक्सेलच वापरायचं असेल तर फाइलवर डबल क्लिक करू नका. आधी रिकामं एक्सेल उघडा, ‘डेटा’, मग ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’. समोर आलेल्या खिडकीत ‘फाइल ओरिजिन’मध्ये ‘६५००१ युनिकोड यूटीएफ-८’ निवडा आणि ‘डेटा टाइप डिटेक्शन’मध्ये ‘डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स’. मग ‘लोड’. सगळे आकडे जसेच्या तसे मजकूर म्हणून येतात.

दुसरा उपाय मला नवीन दुकानदारासाठी जास्त बरा वाटतो: लिबरऑफिस टाका, तेही फुकट आहे, आणि सीएसव्हीचं डिफॉल्ट ‘लिबरऑफिस कॅल्क’ करा. कॅल्क सीएसव्ही उघडण्याआधी दरवेळी विचारतं. तिथे यूटीएफ-८ निवडायचं, खाली दिसणाऱ्या आधार आणि खात्याच्या रकान्यावर क्लिक करून ‘कॉलम टाइप’ ‘टेक्स्ट’ करायचा, मग ओके. दरवेळी ती खिडकी येते म्हणून पोरं कंटाळतात. कंटाळू द्या. कामावर ठेवलेला मुलगा घाईत असला तरी तिथे दोन सेकंद थांबतो, आपल्याला तेच हवंय.

बाकीचं थोडक्यात. जीएसटीच्या ऑफलाइन टूलमधून निघणारी जेसन फाइल उघडायची नसतेच, ती तशीच पोर्टलवर चढवायची. लग्नपत्रिकेची कोरल फाइल नव्या आवृत्तीत केलेली असेल तर जुन्या कोरलमध्ये उघडणार नाही. पाठवणाऱ्याला ‘सेव्ह ॲज’ करताना जुनी आवृत्ती निवडायला सांगा. उघडली पण मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसली, तर प्रोग्राम बदलत बसू नका. कृतिदेव किंवा श्रीलिपीचा तो फॉन्ट तुमच्याकडे नाही, एवढंच असतं.

मोबाइलवरही हेच. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडताना अँड्रॉइड ‘ऑलवेज’ की ‘जस्ट वन्स’ विचारतं. चुकीचं ॲप कायम झालं असेल तर ‘सेटिंग्ज’मध्ये त्या ॲपवर जा, ‘ओपन बाय डिफॉल्ट’ शोधा आणि ‘क्लिअर डिफॉल्ट्स’ करा. कंपनीनुसार नावं थोडी बदलतात. मात्र लग्नाची पत्रिका, वाहनाचं चलान, पीएम किसान अशा नावाची फाइल आली आणि शेपूट एपीके असेल तर ती उघडायची नाही. ती पत्रिका नाही, ॲप आहे, आणि फसवणूक करणारे अशीच पाठवतात.

आता सराव. नोटपॅड उघडा आणि तीन ओळी लिहा. प्रत्येक ओळीत एक मराठी नाव, स्वल्पविराम, शून्याने सुरू होणारा एक क्रमांक, स्वल्पविराम, आणि शेवट ७ ने होणारा १६ आकडी क्रमांक. ‘सेव्ह ॲज’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाव ‘सराव’ आणि पुढे डॉट सीएसव्ही, एन्कोडिंग यूटीएफ-८. ती आधी डबल क्लिकने एक्सेलमध्ये उघडा, शून्य आणि शेवटचा ७ शोधा, सेव्ह न करता बंद करा. मग तीच फाइल कॅल्कमध्ये उघडा. आकडे मनाने बनवा, ग्राहकाच्या खऱ्या यादीवर सराव करू नका.