प्रसूतिगृहातील सोबतीण

पूर्वी खेड्यापाड्यांत बाळंतपण घरीच होत असे. सुईण, आई, सासू किंवा एखादी जाणती शेजारीण कळा सोसणाऱ्या स्त्रीजवळ बसून राही. पुढे प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्या व त्यामुळे असंख्य माता व बालके वाचली, हे निर्विवाद होय. मात्र या स्थित्यंतरात आप्तस्त्रियांची सोबत प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर राहिली.

हीच उणीव भरून काढणाऱ्या स्त्रीला पाश्चात्त्य देशांत ‘डूला’ म्हणतात. हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ सेविका असा आहे. डूला ही डॉक्टर नव्हे, परिचारिका नव्हे आणि सुईणही नव्हे. ती तपासणी करीत नाही, औषध देत नाही. पहिल्या कळांपासून बाळ जन्मेपर्यंत ती जवळ राहते. कंबर व पाठ चोळणे, हिंडण्याफिरण्यास व कूस बदलण्यास आधार देणे, घोटघोट पाणी पाजणे, दीर्घ श्वासाची आठवण देणे आणि पुढे काय होणार ते समजावून सांगणे, हे तिचे काम.

वरवर साध्या दिसणाऱ्या या कामास शास्त्रीय आधार आहे. भीतीने शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन वाढते व कळा मंदावू शकतात. धीर मिळाल्यास त्या सुरळीत राहण्यास मदत होते. ग्वाटेमालातील एका रुग्णालयात झालेला अभ्यास 1980 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिलटकरणींजवळ बसलेल्या स्त्रिया तेथे अनोळखी व अप्रशिक्षित होत्या. तरीही सोबत लाभलेल्या मातांची प्रसूती सरासरी 8.8 तासांत, तर एकाकी मातांची 19.3 तासांत झाली. हा अभ्यास लहान होता. 17 देशांतील 26 चाचण्यांचा, 15 हजारांहून अधिक स्त्रियांचा आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेळेतील सरासरी बचत सुमारे 40 मिनिटेच आढळली; परंतु नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढलेले व शस्त्रक्रियेचे घटलेले दिसले.

भारत सरकारने 2016 मध्ये शासकीय आरोग्य संस्थांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास अनुमती देणाऱ्या मार्गदर्शक सूचना दिल्या. ही सोबतीण स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिचे कपडे स्वच्छ असावेत, अखेरपर्यंत थांबण्याची तिची तयारी असावी आणि उपचारांत तिने ढवळाढवळ करू नये, अशा त्यातील अपेक्षा आहेत. पोट दाबणे किंवा अकाली जोर करावयास लावणे तिने कटाक्षाने टाळावे. अतिरक्तस्राव, झटके वा तीव्र डोकेदुखी दिसताच परिचारिकेस तत्काळ कळवावे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. दोन खाटांमध्ये पडदा, बसावयास स्टूल, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि कर्मचाऱ्यांची संमती एवढे पुरेसे आहे. पंचायत सदस्यांनी आपल्या आरोग्य केंद्रात ही सोय आहे काय, हे पाहावे. आशा कार्यकर्तीने गरोदरपणातच सोबतीण निश्चित करून तिला तिचे काम समजावून द्यावे. सुरक्षितता की सोबत, अशी निवड कोणत्याही मातेवर लादली जाऊ नये. तिला दोन्ही मिळावयास हवीत.