‘सर्व क्षेम’ लिहू नकोस

हाजरा रोड, कोलकाता
डिसेंबर

चि. सौ. बायो हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. तुझ्या आईचा स्वभाव तुला ठाऊक आहे, तिला भीती वाटली की ती आधी रागावते. तुझ्यावर रागावून झालं, जावईबापूंवर झालं, मग आवाज उतरला आणि खरं काय ते बाहेर आलं. बाळाच्या तपासणीच्या दोन तारखा तू चुकवल्यास. व्हिडिओ कॉलवर फोन बाळाच्या तोंडासमोर धरतेस, स्वतः मात्र दिसत नाहीस. काहीही विचारलं तरी ‘सगळं छान चाललंय’ एवढंच उत्तर. राणी मुखर्जीचा तो सिनेमा पाहिल्यापासून आरोग्यकेंद्राच्या नर्सबाईंना तू टाळतेस, त्यांच्यापुढे काही बोललं तर बाळ नेतील असं तू भावाला सांगितलंस, हेही कळलं. हे खरं असेल तर मला तुझ्याशी भांडायचं आहे. तुला नॉर्वेला पाठवताना अण्णा एकटेच गप्प होते आणि आम्ही सगळ्या बायका ‘ती निभावेल’ म्हणत होतो, ते आठवून मी हे लिहायला बसले आहे.

तुझी भीती वेडगळ आहे असं मी म्हणणार नाही. सिनेमा ज्यावर बेतला ते प्रकरण आमच्या कोलकात्याचं, आणि घडलं ते तू राहतेस त्याच स्टाव्हांगरमध्ये. मे 2011 मध्ये सागरिका चक्रवर्ती या बंगाली आईची दोन्ही मुलं बार्नेवर्नने, म्हणजे तिथल्या बालकल्याण खात्याने, ताब्यात घेतली. मुलगा तिसऱ्या वर्षात होता, मुलगी जेमतेम पाच महिन्यांची, अंगावर पिणारी. आई हाताने भरवते, मुलगा बापाच्या बिछान्यात झोपतो, असली कारणं इथल्या वर्तमानपत्रांत आली आणि सारं शहर पेटून उठलं. दोन्ही सरकारांत बोलणी झाली, एप्रिल 2012 मध्ये मुलं काकाच्या ताब्यात भारतात आली, आणि आईच्या हाती पडली ती जानेवारी 2013 मध्ये, कलकत्ता उच्च न्यायालयाच्या निकालानंतर. वीस महिने. त्या वयात वीस महिन्यांत मूल चालायला, बोलायला आणि हाका मारायला शिकतं. कोणत्याही आईचा जीव दडपावा अशीच ही गोष्ट आहे. इथे मुलांना भीती घालायला ‘छेलेधरा’ म्हणतात, पोरं पळवणारा. सिनेमा पाहून तुझ्या मनात ते अख्खं खातंच छेलेधरा होऊन बसलं आहे.

पण त्या प्रकरणातून शिकायचं काय, याबद्दल तुझं आणि माझं मत जुळत नाही. नॉर्वेच्या अधिकाऱ्यांनी गोपनीयतेचा नियम सांगून तपशील उघड केला नाही, आणि केवळ हाताने भरवण्यामुळे किंवा चालीरीतींच्या फरकामुळे मुलं नेली जात नाहीत, असं त्यांच्या भारतातल्या राजदूतांनी सिनेमा आल्यावर जाहीरपणे लिहिलं. दुसरीकडे, आपल्या न्यायालयाने मुलं आईच्याच हाती दिली. त्यातलं कुणाचं किती खरं, याचा निवाडा मी करणार नाही, तो माझा अधिकारही नाही. मात्र ज्याबद्दल वाद नाही अशा गोष्टी पाहा: परका देश, परकी भाषा, दोन अगदी लहान मुलं, आणि माहेर-सासर हजारो मैल दूर. अशा घरात बाहेरचा माणूस येतो तेव्हा त्याला दिसतं ते दिसतं, बाकीचं सांगायला कुणी लागतं. ज्या आईला तिथे ओळखणारी चार माणसं आहेत, जिची नर्स तिला पहिल्या आठवड्यापासून जाणते, तिच्या घरातला एखादा वाईट दिवस हा वाईट दिवसच राहतो. जिला कुणीच ओळखत नाही तिचा तोच दिवस कागदावर वेगळा उमटतो. म्हणून म्हणते, तारखा चुकवून तू बाळाला वाचवत नाहीस. तुझ्या बाजूने बोलू शकणारी माणसंच तू कमी करते आहेस.

यावर तू म्हणशील, मावशी, त्यांची यंत्रणा काय देवाने घडवलेली आहे? नाही. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने 10 सप्टेंबर 2019 रोजी ‘स्ट्रँड लोबेन’ खटल्यात नॉर्वेलाच दोषी धरलं. ती आई नॉर्वेचीच होती, तरी तिचा कौटुंबिक जीवनाचा हक्क भंगला असं न्यायालय म्हणालं. म्हणजे चुका तिथेही होतात, आणि त्या फक्त परक्यांच्या वाट्याला येतात असंही नाही. तिथल्या नर्सला काळजीचं काही गंभीर दिसलं तर कळवण्याची कायदेशीर जबाबदारी तिच्यावर आहे, हेही मी लपवत नाही. परंतु त्याच खात्याचं पुष्कळसं काम घरी मदत पोचवण्याचं असतं, मुलं उचलण्याचं नव्हे. आणि चुकणाऱ्या यंत्रणेपुढे उपाय काय? दार लावून घेणं हा तर नाहीच. बोलावं, नीट समजून बोलावं. तुझं इंग्रजी चांगलं आहे, पण दुखतं ते सांगायला कामापुरती भाषा पुरत नाही. 1 जानेवारी 2022 पासून तिथे दुभाषा कायदा लागू आहे आणि गरज असेल तेव्हा सरकारी सेवेने जाणता दुभाषा द्यावा असं तो सांगतो. मराठी नाही मिळाला तर हिंदी माग. मागण्यात कमीपणा नाही.

आता खरं पोटातलं विचारते. तू त्यांच्यापासून लपवते आहेस ते काय? बाळाचं वजन तर छान वाढतंय, ताई सांगत होती. मग लपवायचं राहतं ते तुझंच काही. झोप नाही, रडू येतं, बाळाकडे पाहून काहीच वाटत नाही असे तास जातात, असलं काही असेल तर त्यात तू जगावेगळी नाहीस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांपैकी सुमारे 13 टक्क्यांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. विकसनशील देशांत हे प्रमाण 19.8 टक्के आहे. आणि हे बाळंतपणानंतर लगेचच यावं असं नाही, पहिल्या वर्षात कधीही डोकं वर काढू शकतं. तुझ्याकडे डिसेंबरात उजेडच सहा-साडेसहा तास. निरोगी माणसाचंही मन त्या अंधारात खाली बसतं.

ताईचं यावर एकच म्हणणं: माहेरी आली असती तर हे झालंच नसतं. शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सव्वा महिना खाटेवरून उठू दिलं नसतं. त्या सगळ्याची किंमत मी जाणते. बाईला कुणीतरी न्हाऊ घालतं आहे, यातच अर्धं औषध असतं. तरीही तिचं म्हणणं पुरतं खरं नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या अगदी शेजारचा आहे. गोव्यातल्या बाळंतिणींचा विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर 6 ते 8 आठवड्यांनी त्यांतल्या 23 टक्के आया नैराश्यात होत्या. या बायका परदेशात नव्हत्या. आपल्या मुलखात, आपल्या भाषेत, माणसांत होत्या. गरिबी, नवऱ्याशी न पटणं, मुलगा हवा असताना मुलगी होणं, यांनी तो धोका वाढलेला दिसला. तेव्हा घरात माणसं असणं वेगळं आणि त्यांना मनातलं सांगता येणं वेगळं. ताई 90 दिवसांच्या व्हिसावर येऊन गेली, तिने तुला न्हाऊमाखू घातलं, लाडू केले, पण तिला तू सांगितलंस काय? आणि ती गेल्यावर चौथ्या महिन्यात तू कुणाशी बोललीस?

सांगायला शब्द सापडत नसतील तर त्याचीही सोय आहे. 1987 साली एडिंबरोच्या नावाने एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध झाली. दहाच प्रश्न, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं याचे. तिथल्या आरोग्यकेंद्रातही ती पुष्कळदा वापरतात. परीक्षेसारखं त्यात पास व्हायचं नसतं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे, त्याचं उत्तर तर खरं आणि खरंच दे. आणि तसा विचार एकदा जरी मनाला शिवून गेला असेल, तर प्रश्नावलीची वाट पाहू नकोस, त्याच क्षणी जावईबापूंना उठव आणि डॉक्टरांना फोन लाव.

चालीरीतींचंही बोलून टाकते, कारण त्यावरूनही तू अवघडून गेली असशील. आपलं सगळं टाकायला नको आणि सगळं धरायलाही नको. तेलाचं मालिश, अंगाई, हाताने भरवणं, मराठीतून अखंड बोलणं, यातलं काही सोडू नकोस, आणि कुणी विचारलं तर का करतेस ते आनंदाने सांग. पण वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, त्यातून तान्ह्याला जिवावरची विषबाधा होऊ शकते. पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय गुटी नको, पाणी नको. निजवायचं ते पाठीवर. आजीची काजळाची डबी कपाटातच राहू दे. हे मी त्यांच्या भीतीने सांगत नाही, बाळाच्या भल्याचं आहे म्हणून सांगते. धपाट्याचंही तसंच. तिथे 1987 पासून मुलांवर हात उगारायला कायद्याने बंदी आहे आणि ती योग्य आहे. आपल्या घरात धपाट्याला लाड म्हणायची रीत होती, तिच्याबद्दल मला आज वाईट वाटतं. बाळ काही केल्या रडायचं थांबेना आणि तुझा तोल जातोय असं वाटलं, तर त्याला पाळण्यात पाठीवर निजव आणि पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जाऊन उभी राहा. त्याला गदागदा हलवू मात्र नकोस.

आणि परक्यांत राहून आपलं म्हणणं मांडता येतं, याला आपल्याकडे फार जुनं उदाहरण आहे. ज्या रमाबाईंना याच कोलकात्याने 1878 साली पंडिता म्हणून गौरवलं, त्या नवरा गेल्यावर 1883 साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. मुलगी वाँटेजच्या सिस्टर्सच्या सांभाळात आणि आई चेल्टनहॅमला शिकवायला, असे दिवस आले. त्या मठाचे उपकार त्यांच्यावर होते, तरी मुलीला धर्माची कोणती शिकवण द्यावी यावरून सिस्टर जेराल्डीनशी त्यांनी पत्रांतून स्पष्ट वाद घातला. मदतही घेतली आणि आईचा हक्कही सोडला नाही. तू म्हणशील, त्या रमाबाई होत्या. होत्या खऱ्या, पण विधवा होत्या, एकट्या होत्या, आणि त्यांना माहेर उरलेलंच नव्हतं. तुझ्या पाठीशी केवढी माणसं आहेत.

तिथेही माणसं जोडता येतात, फक्त दाराबाहेर पडावं लागतं. आरोग्यकेंद्र नव्या आयांचे गट जमवतं, त्यात जा. पहिल्या दिवशी भाषा कळणार नाही, बाळं मात्र सगळ्यांची सारखीच रडतात. लहान मुलांना घेऊन आईबापांनी बसायची खुली बालवाडी असते, तिथे जा. जावईबापूंना पालकत्वाची 15 आठवड्यांची रजा त्यांच्या नावाची असते, ती त्यांनी पुरती घ्यावी आणि त्या दिवसांत बाळ त्यांनीच सांभाळावं. हे त्यांना मी वेगळं लिहिते आहे, त्याची चिंता करू नकोस. आमच्या इथेही लांबून आलेल्या मराठी बायकांना महाराष्ट्र निवासाची पायरी चढल्यावरच माणसं मिळत आली आहेत. घरी बसून कुणाला मिळाली नाहीत.

बायो, फार बोलले. खरं तर ज्याबद्दल तुला रागावते आहे ते मीच तुला शिकवलं असेल. आमच्या पिढीचं प्रत्येक पत्र ‘इकडील सर्व क्षेम’ने सुरू व्हायचं. इथले बंगाली ‘भालो आछि’ लिहायचे, अर्थ तोच. सासरी काय, परमुलखात काय, लेकीने क्षेमच कळवायचं, माहेरच्यांच्या जिवाला घोर लावायचा नाही, यालाच शहाणपण म्हणत. या शहरात आल्यावर पहिली कितीतरी वर्षं मीही तेच शहाणपण पाळलं. काय सोसलं ते आता सांगत नाही, सांगून ते उणं होणार नाही. खंत एवढीच, की जिला ती पत्रं जात होती ती माझी आई होती, तिला सगळं कळलं असतं, आणि मी तिला ते कळू दिलं नाही. ती गेल्यावर तिच्या पेटीत माझी सगळी पत्रं नीट घडी करून ठेवलेली निघाली. प्रत्येकात सर्व क्षेम.

म्हणून तुझ्याकडून मला क्षेम नको. पुढची तारीख चुकवू नकोस, एवढं कर, आणि जाऊन आलीस की कळव. बाळाचं वजन किती भरलं ते नंतर, आधी तू किती झोपलीस, काय जेवलीस, आज रडू आलं का, ते लिही. एकच ओळ लिही, चुकीच्या मराठीत लिही, नुसती हाक मारलीस तरी चालेल. कॅमेरा एकदा स्वतःकडे फिरव. विंचरलेलं नसलं तरी मला तुझंच तोंड पाहायचं आहे, बाळाचं मी मग डोळे भरून पाहीन. तुझ्याकडे रात्री दोनला बाळ उठतं, तेव्हा इथे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. मी चहा टाकून खिडकीशी बसलेली असते. त्या वेळी जगात कुणीच जागं नाही असं तुला वाटेल, तेव्हा फोन लाव. मी उचलते.

बाळाला गोड पापा. तुला पोटाशी धरून,

तुझी मावशी